हिशेबाची ओसरी : कचेरीचे घर होते तेव्हा

विषय

जुन्या इमारतीचे मूळ काम संपल्यावर तिचे काय करावे, या प्रश्नाची चर्चा मंदिरे, किल्ले आणि राजवाडे यांच्या संदर्भात विपुल झाली आहे. कचेरी मात्र त्या चर्चेत क्वचितच येते, कारण तिला ना देवाचे पावित्र्य असते ना राजाचे ऐश्वर्य, आणि तिथे जे घडते ते, म्हणजे नोंद, मोजणी, वसुली आणि चुकती, भिंतीवर कोरून ठेवण्याजोगे कोणालाच वाटत नाही. तरीही कचेरी हा स्वतंत्र वास्तुप्रकार आहे. ज्या ठिकाणी एकाने बसून विचारायचे आणि दुसऱ्याने उभे राहून सांगायचे असते, त्या ठिकाणाची मांडणी त्या व्यवहाराने ठरते आणि व्यवहार बंद पडल्यावरही ती मांडणी दगडात आणि लाकडात शिल्लक राहते.

या प्रकाराचे एक नमुनेदार उदाहरण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातील तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींवर आढळते. तेथे खाणीच्या कचेरीला ‘काउंट हाउस’, म्हणजे हिशेबघर, म्हणत. खाणीत पैसा गुंतवणारे भागीदार ठरावीक महिन्यांनी तेथे जमत, खर्चाची वही त्यांच्यासमोर वाचली जाई, नफा असेल तर वाटला जाई, तोटा असेल तर प्रत्येकाच्या हिश्श्याची रक्कम मागितली जाई आणि मग त्याच इमारतीत जेवणाची पंगत बसे. खाणकामगारांशी होणारा करारही हिशेबघरासमोरच होत असे. ठरलेल्या दिवशी खाणीचा मुकादम, ज्याला तिकडे ‘कॅप्टन’ म्हणत, उंचावर उभा राहून एकेक काम पुकारी आणि खाली जमलेले कामगार बोली लावत. काही कामे मोजमापाने, म्हणजे आपल्याकडील उक्त्या कामासारखी, तर काही निघालेल्या धातूच्या किमतीतील हिश्श्यावर, म्हणजे बटाईसारखी, दिली जात. भागीदारांवर छाप पडावी म्हणून या कचेऱ्या घडीव दगडाच्या, मोठ्या खिडक्यांच्या आणि एखाद्या सधन गृहस्थाच्या घरासारख्या बांधल्या गेल्या. त्यामुळे खाणी बंद पडल्यावर इंजिनघरांचे सांगाडे माळावर उघडे पडले, तरी अनेक हिशेबघरांत माणसे सहज राहायला गेली आणि काही कचेऱ्या विभागून त्यांची लहान लहान घरे झाली.

हाच विचार आपल्याकडे, मराठवाड्यात, आणला तर परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा या गावात धातूची खाण नाही आणि असण्याचे कारणही नाही, कारण हे गाव दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याच्या थरांवर, वसलेले आहे. परंतु मराठीत ‘खाण’ हा एकच शब्द धातूच्या खाणीलाही लागतो आणि बांधकामाच्या दगडाच्या खाणीलाही. त्या दुसऱ्या अर्थाने पाहिले तर चारठाण्याची सारी वास्तुसंपदा, गोकुळेश्वराचे मंदिर आणि त्याची पायऱ्यापायऱ्यांची बारव, इतर मध्ययुगीन मंदिरे, गावाची ओळख ठरलेला कोरीव दगडी स्तंभ आणि नंतरच्या काळातील दगडी जोत्यांची घरे, ही खाणीचीच संतती आहे. येथे एकेकाळी 360 मंदिरे होती असे गावची परंपरा सांगते. हा आकडा श्रद्धेचा मानला तरी गावाच्या गतवैभवाची जाण त्यातून व्यक्त होते.

ही मंदिरे ज्या बांधणीची म्हणून ओळखली जातात तिचे नावही प्रस्तुत विषयाला अनपेक्षितपणे जवळचे आहे. चुन्याचा आधार न घेता घडीव दगड एकमेकांत बसवून केलेल्या बांधणीला महाराष्ट्रात ‘हेमाडपंती’ म्हणतात आणि ते नाव ज्याच्यावरून पडले तो हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांच्या पदरी ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे राज्याच्या लेखन आणि हिशेब खात्याचा प्रमुख, होता. महाराष्ट्राच्या सर्वांत प्रसिद्ध दगडी शैलीला शिल्पकाराचे किंवा राजाचे नाव न मिळता कचेरीच्या मुख्याचे मिळावे, ही गोष्ट कचेरी आणि वास्तू यांचा संबंध गौण मानणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

संशय

मीमांसाशास्त्रात एखाद्या प्रश्नाच्या सुसूत्र विचाराला ‘अधिकरण’ म्हणतात. त्यात आधी विषय मांडला जातो, मग संशय, म्हणजे ज्यावर दोन मते संभवतात तो मुद्दा, नंतर पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष, आणि शेवटी निर्णय. प्रस्तुत विवेचनात तीच रीत स्वीकारली आहे.

संशय असा : काम संपलेल्या कचेरीचे राहत्या घरात, किंवा पाहुण्यांना भाड्याने देण्याच्या लहान घरांत, रूपांतर करणे हे तिचे जतन आहे की तिचा नाश? मराठवाड्यात हा प्रश्न खाणीच्या कचेरीपेक्षा वाड्याच्या सदरेबाबत उभा राहतो. सदर म्हणजे वाड्याच्या पहिल्या चौकातील उंच जोत्यावरची, खांबांवर तोललेली आणि पुढून मोकळी अशी बैठकीची जागा. देशमुख, देशपांडे, पाटील आणि कुलकर्णी या वतनदारांच्या वाड्यांत गावाचा किंवा परगण्याचा हिशेब तेथे होत असे आणि कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, तेथेच किंवा लगतच्या खोलीत ठेवले जात. खाणीच्या हिशेबघराशी या जागेचे नाते जवळचे आहे. दोन्ही ठिकाणी जमिनीतून निघालेल्या संपत्तीचा, एकीकडे धातूचा आणि दुसरीकडे धान्याचा, वाटा ठरत होता.

वाद

पूर्वपक्ष : कचेरीचे घर करणे म्हणजे तिची भाषा पुसून टाकणे होय. वास्तूचे महत्त्व तिच्या दर्शनी भिंतीपेक्षा तिच्या आतील मोकळ्या जागांच्या परस्परसंबंधात असते. हिशेबाचे दालन मोठे असते, कारण तेथे बऱ्याच माणसांनी एकाच वेळी एकच वही पाहायची असते. त्या दालनाच्या मधोमध आडभिंत घालून दोन बिऱ्हाडे केली की भिंती, खिडक्या आणि छप्पर जसेच्या तसे राहूनही इमारत मुकी होते. 1964 च्या व्हेनिस सनदेने, जी स्मारकांच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगते, समाजोपयोगी वापराचे स्वागत केले असले तरी त्या वापराने इमारतीची अंतर्गत मांडणी आणि अलंकरण बदलता कामा नये अशी अट घातली आहे. लहान घरांत विभागणी करताना ही अट पाळणे जवळजवळ अशक्य असते, कारण प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःचे न्हाणीघर आणि स्वतःचे दार लागते.

उत्तरपक्ष : आपण ज्या अटीचा आधार घेता ती स्मारकांसाठी लिहिलेली आहे, आणि कचेरी स्मारक म्हणून कधीच बांधलेली नसते. शिवाय कामाची जागा आणि राहण्याची जागा या दोन वेगळ्या इमारती असाव्यात ही समजूतच अलीकडची आहे. वाड्यात पहिल्या चौकात सदर आणि दुसऱ्या चौकात माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर असे, म्हणजे हिशेब आणि चूल एकाच छपराखाली नांदत. कॉर्नवॉलच्या हिशेबघरातही पंगतीसाठी स्वयंपाकघर होतेच. मग कचेरीत चूल पेटली म्हणून तिची विटंबना झाली असे कसे म्हणता येईल?

पूर्वपक्ष : एका छपराखाली नांदणे आणि एकमेकांत मिसळणे यांत फरक आहे. वाड्यात सदर आणि माजघर यांच्यामध्ये दार होते, उंबरा होता आणि नजर अडवणारे वळण होते. रयत पहिल्या चौकापर्यंत येई, पाहुणा सदरेपर्यंत आणि घरचा माणूस माजघरापर्यंत. म्हणजे वाड्याने हिशेब आणि संसार एकत्र ठेवले ते त्यांच्यातील सीमा स्पष्ट राखूनच. रूपांतरात नेमकी ही सीमा पुसली जाते आणि सदरेच्या जागी झोपण्याची खोली येते.

उत्तरपक्ष : सीमा पुसण्याचे हे काम आजच्या वास्तुरचनाकारांनी सुरू केलेले नाही. निजामाच्या राज्यात दिवाण पहिल्या सालारजंगांच्या कारकिर्दीत 1865 मध्ये जिल्हाबंदी झाली, म्हणजे राज्याचे जिल्हे आणि तालुके पाडून तेथे पगारी तालुकदार आणि तहसीलदार नेमले गेले. वसुलीचे काम परंपरागत देशमुख-देशपांड्यांकडून काढून त्यांना ‘रुसूम’, म्हणजे हक्काबद्दलची ठरावीक रक्कम, देण्यात आली आणि परगण्याची कचेरी वाड्यातून निघून सरकारी इमारतीत गेली. पुढे महाराष्ट्र राज्यात 1962 च्या कायद्याने पाटलांचे वंशपरंपरागत पदही संपले. म्हणजे मराठवाड्यातील अनेक सदरांचे गेल्या दीडशे वर्षांत टप्प्याटप्प्याने घर झालेले आहे : जेथे दप्तर होते तेथे पाहुण्यांची बैठक आली, मग मुलांचा अभ्यास आला, मग धान्याची पोती आली. हे रूपांतर कोणी आराखडा काढून केले नाही आणि त्याविरुद्ध कोणी तक्रारही केली नाही.

पूर्वपक्ष : ते रूपांतर सौम्य होते, कारण त्यात भिंत उभी राहिली नाही. पोती उचलली की सदर पुन्हा सदर होते. आजचे रूपांतर सिमेंटच्या भिंतींनी, पाण्याच्या नळांनी आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांनी होते आणि ते मागे घेता येत नाही. काळाच्या ओघात आलेला बदल आणि भाड्याच्या हिशेबाने आखलेला बदल यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही.

उत्तरपक्ष : मागे घेता येण्याचा मुद्दा मान्य करण्यासारखा आहे आणि तो मान्य केल्यानंतर मार्ग बंद होत नाही, उघडतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात बरा नावाचे तांब्याच्या खाणीचे गाव आहे. 1845 मध्ये तेथे तांबे सापडले, कॉर्नवॉलहून खाणकामगार आले, आणि नदीकाठच्या मातीत बिळे खोदून राहणाऱ्या कामगारांसाठी खाण कंपनीने 1849 ते 1852 या काळात पॅक्स्टन स्क्वेअर या नावाने 33 लहान घरे बांधली. खाण 1877 मध्ये बंद पडली आणि आज त्याच घरांत पर्यटक उतरतात. त्याच गावात 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातील वारसातज्ज्ञांच्या संघटनेने जतनाची जी सनद स्वीकारली ती ‘बरा सनद’ म्हणून जगभर ओळखली जाते. तिचे सार असे की आवश्यक तेवढा बदल करावा, पण शक्य तितका कमी करावा, आणि जो बदल वास्तूचे महत्त्व उणे करतो तो पुढे काढून टाकता येण्याजोगा असावा. जुन्या वास्तूंना नवा वापर देण्याचे नियम एका बंद पडलेल्या खाणीच्या गावात लिहिले गेले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे, कारण खाणीच्या गावाइतके दुसऱ्या कोणत्याही वस्तीला हे कळलेले नसते की धंदा एक दिवस संपतो आणि इमारती मागे राहतात.

पूर्वपक्ष : बराची ती घरे मुळात घरेच होती, घराचे घर राहिले, यात रूपांतर ते किती? कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींचा दाखला अधिक कठोर आहे. 1880 पासून जॉन टेलर आणि सन्स या इंग्लिश कंपनीने तेथे कॉर्नवॉलची माणसे आणि कॉर्नवॉलची रीत आणली. 28 फेब्रुवारी 2001 रोजी खाणी बंद झाल्या आणि सारे गावच बेकार झाले. अशा ठिकाणी जी इमारत राहते ती एका सबंध समाजाच्या श्रमाची साक्ष असते. तिच्यात सुटीची घरे करून साक्षीदाराला यजमान बनवणे योग्य नव्हे.

उत्तरपक्ष : साक्षीदार जिवंत राहिला तरच साक्ष देईल. मराठवाड्यातील वाड्याचे छप्पर, म्हणजे माळवद, कसे असते ते येथे पाहिले पाहिजे. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर लहान लाकडी फळ्यांचे किलचन आणि त्यावर मातीचा जाड थर, ज्याचा सर्वांत वरचा पापुद्रा जुन्या गावठाणातील पांढऱ्या मातीचा असतो. ही माती पाणी धरून ठेवत नाही, म्हणून ती सर्वांत वर घालतात, मात्र दर पावसाळ्यापूर्वी ती नव्याने पसरावी लागते, गवत उपटावे लागते आणि पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. ज्या वाड्यात माणूस राहत नाही त्याचे माळवद दोन-चार पावसांत गळू लागते, कड्या कुजतात आणि मग भिंती आतून पाणी पितात. दगडी मंदिर शंभर वर्षे दुर्लक्षिले तरी उभे राहते, पण वाडा उभा राहत नाही. वाड्याचे खरे संरक्षक खाते म्हणजे त्यात नांदणारे कुटुंब.

पूर्वपक्ष : आणि त्याच कुटुंबाच्या काळजीने वाडा धोकादायकही होतो. दरवर्षी नवी माती पडते, पण जुनी क्वचितच पूर्ण काढली जाते. पिढ्यान् पिढ्या थरावर थर चढतात आणि छपराचा भार वाढत जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 8,000 माणसे मृत्युमुखी पडली ती मुख्यतः अशाच घरांत : मातीत बसवलेल्या गोट्यांच्या जाड भिंती, ज्यांच्या आतील आणि बाहेरील थरांना जोडणारा आडवा लांब दगड नसतो, त्या दुभंगल्या आणि वरची माती खाली आली. त्यानंतर दगडी घराची भीती मराठवाडाभर पसरली. अशा इमारतीत पाहुण्यांना पैसे घेऊन झोपवण्याचा सल्ला देताना केवळ ‘वास्तव्य म्हणजे जतन’ हे सूत्र पुरेसे ठरत नाही.

उत्तरपक्ष : ते पुरेसे नाही, हे मान्य. पण किल्लारीनंतर जी तंत्रे शिकवली गेली, म्हणजे भिंतीच्या दोन्ही थरांना जोडणारे दगड मधून मधून बसवणे, भिंतींना दाराच्या वरच्या पातळीवर सलग पट्टा देणे आणि माळवदावरील जादा माती उतरवून भार हलका करणे, ती वास्तूचे रूप न बिघडवता वापरता येतात. आणि ती वापरण्याचा खर्च तोच करतो ज्याला त्या इमारतीत राहायचे असते. रिकाम्या वाड्याला कोणी पट्टा बांधत नाही. म्हणून सुरक्षिततेचा आक्षेप वास्तव्याविरुद्ध जात नाही, बेजबाबदार वास्तव्याविरुद्ध जातो.

पूर्वपक्ष : आता सर्वांत अवघड मुद्दा. कचेरी ही निरागस वास्तू नव्हे. सदरेचे जोते कमरेइतके उंच असते, कारण बसलेल्या वतनदाराची नजर उभ्या असलेल्या कुळाच्या नजरेइतकी किंवा तिच्याही वर राहावी; आणि काही जातींच्या माणसांना ती पायरी चढण्याचीही मुभा नव्हती, त्यांचा हिशेब चौकात किंवा दिंडी दरवाजाबाहेर होत असे. कॉर्नवॉलचा मुकादमही उंचावरून बोली पुकारी आणि कामगार खाली उभे राहून आपलीच मजुरी एकमेकांपेक्षा कमी सांगत. अशा जागेचे, लोड-तक्के मांडून आणि पितळी समया लावून, पाहुण्यांसाठी ‘पारंपरिक वाडा’ म्हणून सजवलेले घर केले की तो इतिहास सुगंधी होतो. पडका वाडा निदान खोटे बोलत नाही.

उत्तरपक्ष : पडका वाडा खोटे बोलत नाही, पण खरेही सांगत नाही, तो काहीच सांगत नाही. जोते ढासळले की कोण बसत होता आणि कोण उभा होता हेही मातीत जाते, आणि मग त्या अन्यायाचा वास्तुरूप पुरावा नष्ट होतो. ज्यांना चौकातच थांबावे लागले त्यांच्या वारसांचा त्या पुराव्यावर वतनदाराच्या वारसांपेक्षा अधिक हक्क आहे. आक्षेप सजावटीवर असेल तर तो रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर सजावट कमी करणे आणि जागेचा अर्थ उघडपणे सांगणे हे होय. छप्पर पडू देणे हे त्याचे उत्तर नव्हे.

पूर्वपक्ष : तर मग हेच तत्त्व चारठाण्याच्या मंदिरांना आणि बारवेला का लावू नये? तीही बहुतांश जुन्या वापरापासून तुटलेली आहेत.

उत्तरपक्ष : कारण त्यांचा वापर तुटलेला नाही, क्षीण झाला आहे. बारवेत पाणी असेल तर तिचे काम आजही तेच आहे आणि मंदिरात दिवा लागत असेल तर त्याचेही. ज्या वास्तूचे मूळ काम पुन्हा सुरू होऊ शकते तिला नवे काम देण्याची गरज नसते. तिची झाडलोट, गाळ काढणे आणि सरकलेले दगड पुन्हा जागी बसवणे एवढेच हवे असते. जवळच्याच औंढा नागनाथाच्या मंदिराचा खालचा भाग जुन्या कोरीव दगडाचा आणि वरचा भाग नंतरच्या बांधणीचा आहे, आणि तरीही ते एकच देऊळ आहे, कारण काम बदलले नाही. कचेरीचे मात्र काम कायमचे गेले आहे. देशपांडे पुन्हा परगणा वसूल करणार नाही आणि कॉर्नवॉलचा मुकादम पुन्हा बोली पुकारणार नाही, म्हणून नव्या वापराचा प्रश्न मंदिरापुढे नाही, तो कचेरीपुढेच आहे.

निर्णय

दोन्ही पक्षांची छाननी केली असता असे दिसते की पूर्वपक्षाचा आधार मांडणी आहे आणि उत्तरपक्षाचा आधार डागडुजी. पहिला पक्ष म्हणतो की इमारतीचा अर्थ तिच्या मोकळ्या जागांच्या क्रमात आहे. दुसरा म्हणतो की तो अर्थ पेलणारे छप्पर माणसाच्या हाताशिवाय टिकत नाही. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात, कारण रूपांतराचा विचार नेहमी ‘संपूर्ण इमारत’ या एककात केला जातो. खाणीचे हिशेबघर असो वा वाडा, कचेरीचा अर्थ सर्व खोल्यांत सारखा पसरलेला नसतो. तो एका जागी साठलेला असतो : जेथे हिशेब दिला आणि घेतला गेला त्या जागी. हिशेबघरात ती जागा म्हणजे भागीदारांचे दालन आणि त्यासमोरचे बोलीचे अंगण, वाड्यात ती जागा म्हणजे सदर आणि तिच्या पुढ्यातला चौक.

यावरून निर्णय असा निघतो की हिशेबाची जागा अखंड राहत असेल तर बाकीच्या खोल्यांचे घर करणे हे जतन आहे, आणि ती जागा विभागली जात असेल तर बाहेरून इमारत कितीही जुनी दिसली तरी तो नाश आहे. व्यवहारात या निर्णयाचे चार परिणाम होतात. पहिला असा की बदलाला हात घालण्यापूर्वी इमारतीची संपूर्ण मोजणी करून नकाशा काढावा, कारण चारठाण्यासारख्या गावांत देवळांची नोंद पुरातत्त्वाच्या ग्रंथांतून होते, परंतु घरांची क्वचितच होते, आणि पडलेल्या घराचा नकाशा नंतर कोणालाच काढता येत नाही. दुसरा असा की सदर कोणत्याही एका बिऱ्हाडाच्या वाट्याला न देता सर्वांच्या सामाईक वापराची ठेवावी. तिसरा असा की पाणी, सांडपाणी आणि स्वयंपाक यांच्या नव्या सोयी मागच्या चौकात किंवा परसात कराव्यात, जेथे त्या पूर्वीही होत्या, आणि त्या पुढे काढता येतील अशा असाव्यात. चौथा असा की माळवदाचा भार आणि भिंतींची पकड तपासून ती दुरुस्त केल्याशिवाय तेथे कोणालाही झोपू देऊ नये.

पूर्वपक्षाचा शेवटचा आक्षेप, म्हणजे सजावटीने इतिहास गोड होतो हा, या चार नियमांनी पूर्णपणे मिटत नाही, आणि तो मिटू नये हेच इष्ट आहे. परंतु त्याला वास्तूच्या भाषेत एक उत्तर देता येते. नूतनीकरण करताना सर्वांत आधी जी गोष्ट सोयीसाठी काढून टाकली जाते ती म्हणजे पातळीतील फरक. चौक भरून जोत्याच्या बरोबरीला आणला की पाहुण्याला पायरी चढावी लागत नाही आणि सामान ढकलत नेता येते. नेमका तोच फरक राखला पाहिजे. उतार हवा असल्यास तो बाजूला, लाकडाचा आणि काढता येण्याजोगा करावा, पण समोरची पायरी तशीच राहावी. दिंडीतून वाकून आत आलेल्या माणसाला त्या पायरीशी जोते आपल्या कमरेशी लागले आहे हे कळले, आणि येथे कोणी बसत होते तर कोणी उभे राहत होते एवढे त्याला कोणी न सांगता उमगले, तर कचेरीचे घर झाले तरी कचेरी गेली नाही असे म्हणता येईल.